हात खाली आल्यानंतर

१

आमच्याकडे संचालकाचा हात खाली येतो तेव्हा कोणीच वाजवत नाही. हात येतो, तळाला टेकतो, आणि मग माणसाने एक घास गिळावा तेवढा वेळ गेला की आवाज येतो. जर्मन वाद्यवृंदांची ही जुनी खोड आहे. बाहेरच्या देशातून नवा संचालक आला की पहिल्या तालमीत बिचारा घाबरतो. त्याला वाटतं, आपला हात कोणी पाहिलाच नाही. का थांबता असं विचारलं तर आमच्यातल्या एकालाही धड सांगता येत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्यांनी कानात सांगितलेलं असतं, हाताबरोबर वाजवू नकोस, उतावळा दिसशील. ते पुढे जन्मभर पुरतं.

किती थांबायचं ते मी ठरवतो. मी डीटमार रोसबाख. ठ्युरिंगियातल्या एका जुन्या दरबारी गावच्या थिएटरात कॉन्सर्टमास्टर आहे, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर, संचालकाच्या डाव्या हाताला बसतो. एकतीस वर्षं तीच खुर्ची. साठ माणसं संचालकाकडे बघत असल्याचं दाखवतात आणि बघतात माझ्या खांद्याकडे. आधी माझा श्वास, मग माझा गज, मग सगळे. संचालक येतात नि जातात, खांदा तोच राहतो, असं आमच्या कॅन्टीनमध्ये म्हणतात. मला ते ऐकून बरं वाटत असे.

पहिल्या खुर्चीवरच्या माणसाला स्वतःचा वाद्यवृंद कधी दिसत नाही. सगळे त्याच्या पाठीमागे असतात. समोर फक्त संचालक. मागे काय चाललंय ते कानाने ओळखायचं. वाजवताना वळून बघणं आमच्यात असभ्य समजतात, कारण त्याचा अर्थ होतो की तुमच्यावर माझा भरवसा नाही. एकतीस वर्षांत मी एकदाच वळलो.

२

फोल्कमार हेनिश आमचा संगीतसंचालक होऊन आला तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता, आणि मी त्याला चाळीस वर्षं ओळखत होतो. वायमारला शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. कोळशाची शेगडी एक, आणि धड कोटही दोघांत एकच. तो एर्त्सगेबिर्गेच्या डोंगरातल्या खाणकामगाराचा पोरगा. बापाला वाटत होतं की पोराने लग्नाकार्यात अकॉर्डियन वाजवून चार पैसे मिळवावेत. पोराने थेट वाद्यवृंदासमोर उभं राहायचं मनावर घेतलं.

पण उभं राहायला मिळालं ते फार उशिरा. आधी सहा वर्षं पियानोवर बसून गायकांकडून त्यांच्या भूमिका घोकून घेतल्या. मग एका थिएटरात तिसरा संचालक, म्हणजे मुलांच्या दुपारच्या खेळांचा आणि दुसऱ्या संचालकाला ताप आला की त्याच्या पाळीचा धनी. मग दुसरा, मग पहिला. बर्लिनची भिंत पडली आणि त्याचं नशीब उघडलं. हॅम्बुर्ग झालं, ओस्लो झालं, ओसाका झालं. दोन बायका झाल्या आणि दोघी सोडून गेल्या, आणि दोघींची तक्रार शब्दाला शब्द एकच होती: हा घरात असतो तेव्हाही दुसरंच काहीतरी ऐकत असतो. हृदयात झडप बसवली. आणि मोठ्या ठिकाणची बोलावणी थांबल्यावर तो आमच्या टीचभर थिएटरात आला.

तो रचायचासुद्धा, हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या रचना वाजवून घेतल्या. स्वतःची पुरी केली ती एकच, १९७७ साली, आम्ही विद्यार्थी असताना. वहीवर 'क्रमांक एक' एवढंच लिहिलेलं. तिचा शेवट मोठा विचित्र होता. चालता चालता सगळं थांबतं. मग दीड मिनिट पूर्ण शांतता, आणि संचालक ती शांतता हाताने मोजत उभा. त्यानंतर सगळ्या वाद्यांनी मिळून एकच स्वरमेळ वाजवायचा. एकदाच, पूर्ण ताकदीनिशी, आणि संपलं.

परीक्षक मंडळाने मला बोलावून विचारलं होतं, तू व्हायोलिनवाला, तुला काय वाटतं, हे वाजेल का? मी म्हणालो, एवढ्या शांततेनंतर साठ माणसं एकत्र पडणार नाहीत. हे खरं होतं. पण त्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी बर्लिनला एकाच विद्यार्थ्याचं नाव जाणार होतं आणि यादीत त्याच्याखाली माझं होतं, हेही खरं होतं. रचना विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमातून निघाली. मी काय म्हणालो ते फोल्कमारला कोणीतरी सांगितलंच असणार. त्याने मला कधी विचारलं नाही, आणि मला त्याची चाळीस वर्षं लाज वाटत आली.

आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. आल्या आल्या त्याने जाहीर केलं की नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, सकाळी अकराच्या कार्यक्रमात 'क्रमांक एक' होईल.

"वाचून झालं, डीट," तो मला म्हणाला. "चाळीस वर्षं वाचतोय. आता एकदा कानांनी ऐकायचंय. एकदा ऐकलं की बास."

३

फोल्कमार हात हलवताना गुणगुणायचा. पुष्कळ संचालक गुणगुणतात. मार्चमधल्या एका कार्यक्रमानंतर रेडिओचा ध्वनिमुद्रक हार्टविग मला आपल्या खोलीत घेऊन गेला. हा कोरडा, नेटका माणूस, कामाच्या वेळी चहासुद्धा पीत नाही.

"तुमच्या म्हाताऱ्याच्या तोंडात बोळा घाला," तो म्हणाला. "हे ऐका."

मी ऐकलं. फोल्कमारची गुणगुण आली आणि तिच्या मागोमाग तीच चाल आमच्या व्हायोलिनांतून आली.

"यात काय? त्याला सगळं पाठ आहे. तो पुढे पळतो आणि आम्ही रमतगमत येतो. जर्मन आहोत."

"हात पुढे असतो ते मलाही कळतं. मी काय दुधखुळा आहे? जानेवारीत तुमच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं. आता दीड आहे." त्याने ध्वनिमुद्रण पुढे सरकवलं. "आणि आता हे. तिसऱ्या भागात ट्रम्पेट चुकला होता, आठवतं?"

आठवत होतं. त्या पोराने दोन वर्षांत पहिल्यांदाच घाण केली होती. मी ऐकू लागलो. आधी फोल्कमारची गुणगुण, मग मध्येच जीभ टाळ्याला लावून केलेलं त्याचं वैतागलेलं 'च्च'. मग दीड सेकंद आमची व्हायोलिनं, निवांत. आणि मग ट्रम्पेटची चूक.

हार्टविगने ते तीनदा वाजवलं. मी त्याला म्हणालो की त्या पोराने वाजवण्याआधी घेतलेला श्वासच वाकडा असेल आणि मुरलेल्या संचालकाला तेवढ्यावरून कळतं. हार्टविगने मान हलवली, पण यंत्र लगेच बंद केलं नाही. घरी जाताना मला माझंच उत्तर पटत होतं. अशी उत्तरं मला जन्मभर चांगली सुचत आली आहेत.

४

उन्हाळ्यात अंतर वाढलं. लोकांना त्याची मजा वाटू लागली. माझ्या शेजारी, माझ्याच स्वरलिपीच्या स्टँडसमोर बसणारी, माझी पानं उलटणारी सिग्रुन म्हणायची, "म्हातारबुवांची आगगाडी सुटली. आपण पुढची पकडू." मी जरा लवकर गज उचलून बघितला, पण मी जितका पुढे सरकलो तितका तोही सरकला. सप्टेंबरात एका तालमीत त्याने दोन्ही हात खाली घेतले, वही मिटली आणि "धन्यवाद, आज उत्तम झालं" असं म्हणाला, तेव्हा आमच्या अजून दोन ओळी उरल्या होत्या. आम्ही त्या त्याच्या आभारांवरच वाजवल्या. सगळे हसले. तो हसला नाही. तो आमच्याकडे बघत होता, पण नजर मागे कुठेतरी होती, आणि तो मान लववत होता, जसा छान वाजवलेल्याला दाद देताना लववतो तसा.

मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान बघितले नाहीत, तरुणाला लाजवतील.

मग मी सरळ त्याच्या खोलीत गेलो. मधल्या सुट्टीची वेळ होती. तो कागदातला सॉसेजचा पाव खात होता आणि मला बघून त्याने अर्धा पुढे केला.

"फोल्कमार, तू आमच्या पुढे जातोयस."

"तुम्ही उशिरा येता."

"ते आम्ही नेहमीच येतो."

"तुम्ही येता," तो म्हणाला. "बाकीचे वेळेवर येतात."

"बाकीचे कोण?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं मला वाटलं. "तुझ्या मागचे."

"माझ्या मागे आपलीच माणसं आहेत. ओळीने नावं सांगू का?"

"नावं नको सांगूस. तुला दिसत नाहीत, मला दिसतात. बसायची जागाच तशी आहे." तो पाव चावत राहिला. "वाजवतात सुरेख. हात टेकला की आवाज. मला काही सांगावं लागत नाही. आधी शेवटच्या ओळीत दोघेतिघे होते. मला वाटलं, तात्पुरती घेतलेली माणसं असतील."

मी घाबरलो, आणि त्याचा रागही आला. चौसष्टाव्या वर्षी मला कोणी घाबरवावं हे मला मान्य नव्हतं. मी म्हणालो, कार्यक्रम पुढे ढकल, औषधं तपासून घे, विश्रांती घे. त्याने हात पुसले.

"ऐक. संचालक कोणाचा असतो? जे त्याच्या हाताबरोबर येतात त्यांचा. मला 'क्रमांक एक' त्यांच्याकडून नाही ऐकायचं, डीट. मला तुमच्याकडून ऐकायचंय. हाडामांसाच्या माणसांकडून. बाकी सगळं उशिरा वाजवलंत तरी चालेल. पण शेवटचा तो स्वरमेळ त्यांच्या आधी, निदान त्यांच्याबरोबर यायला हवा. ते पहिले आले तर मग तुमचा ऐकायला मी थांबणार नाही असं वाटतं."

"म्हणजे काय?"

"तू माझ्या हाताबरोबर ये. एकदाच. थांबू नकोस." मग तो उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोराच म्हणाला, "सत्त्याहत्तर साली तू म्हणालास, एकत्र पडणार नाहीत. बरोबरच होतं तुझं. पण या खेपेला पाड."

मी वचन दिलं. दुसरं काय देऊ शकत होतो?

५

हाताबरोबर वाजवणं. ऐकायला किती सोपं वाटतं. मी घरी सराव सुरू केला. स्वयंपाकघरात माझी बायको रोझविथा लाकडी डाव वर धरायची आणि मनात येईल तेव्हा खाली आणायची, आणि मी त्याच क्षणी गज ओढायचा. वीस वेळा केलं की तीनदा जमायचं. बाकीच्या सतरा वेळा डाव तळाला टेकायचा, मी एक घास गिळायचो, आणि मग सूर. गिळायचं नाही असं ठरवलं की हमखास गिळायचो.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, डीटमार," रोझविथा बटाट्याच्या पिठात हात घालत म्हणाली. "आता डाव दे इकडे, गोळे वळायचेत."

मी वाद्यवृंदालाही सांगितलं, शेवटच्या ठिकाणी मी थांबणार नाही, माझा खांदा हलला की लगेच या. हशा पिकला. सिग्रुन म्हणाली, "रोसबाख आणि वेळेवर? पंचांगात लिहून ठेवा रे."

शनिवारी सकाळी अखेरची तालीम झाली. शेवटचा स्वरमेळ फोल्कमारने घेऊ दिला नाही. थिएटरात पुष्कळ लोक असले समज पाळतात, नाटकाचं शेवटचं वाक्य आदल्या दिवशी बोलत नाहीत. पण शांतता त्याने पूर्ण मोजली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकलं. साठ माणसं गप्प बसतात तेव्हा काय ऐकू येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कोणाची खुर्ची करकरते, कोणी नाकाने श्वास घेतं, हॉर्नवाला पाणी झटकतो. मिनिटभराने मागे गज तारांवर टेकवल्याचा आवाज आला, मऊ, सगळ्यांनी एकदम केला की येतो तसा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सिग्रुनकडे बघितलं. तिचा गज मांडीवर होता.

आवाज मात्र यायचा थांबला नव्हता. तो मागे मागे जात होता, एका ओळीमागून दुसरी ओळ, आमच्या रंगमंचावर मावतील त्याहून कितीतरी जास्त. मग फोल्कमारने हात सैल सोडले आणि म्हणाला, "पुढचं उद्या."

जुनं लाकूड आहे, थंडीत बोलतं. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं.

६

मृतांच्या रविवारी आमचं गाव आधी दफनभूमीत जातं आणि मग आमच्याकडे येतं. सभागृहात काळे कोट, ओली माती आणि पाइनच्या डहाळ्यांचा वास होता. फोल्कमार आत आला आणि रिवाजाप्रमाणे त्याने माझा हात हातात घेतला. तो सोडायला जरा वेळ लावला. त्याचा हात कोरडा आणि गरम होता, आणि मला त्या क्षणी त्याची इतकी माया आली की व्हायोलिन खाली ठेवून त्याला घरी घेऊन जावं असं वाटलं. पण सभागृह भरलं होतं. त्यातून उठून जायचं धाडस माझ्यात नव्हतं.

रचना चांगली होती हे सांगायलाच हवं. १९७७ साली मला ते कळलं होतं, म्हणूनच मी तसं बोललो होतो. तो आमच्या चार सेकंद पुढे होता. आम्ही वाजवत होतो आणि तो, ज्यांचा हात धरून चाललाय त्यांच्याबरोबर, पुढच्या वळणावर पोचलेला असायचा. गुणगुण आधी, आम्ही नंतर. तो आमच्यासाठी थांबू बघत होता, ते मला दिसत होतं. कपाळावर घाम होता. बाजारात मागे राहिलेल्या पोराकडे आईने बघावं तसा तो मधूनमधून माझ्याकडे बघे, पण पाय पुढेच पडत होते.

मग शांतता आली. सगळं जिथल्या तिथे थांबलं आणि तो मोजू लागला. दीड मिनिटात सभागृहात एकजणही खोकला नाही. मी गज तारेवर ठेवला. घास गिळायचा नाही, मी स्वतःला सांगत होतो, हात टेकला की ओढायचा, हात टेकला की ओढायचा. मागे पुन्हा तो मऊ आवाज सुरू झाला आणि लांबवर जात राहिला. फोल्कमारने माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या आणि हात वर नेला.

हात खाली आला. मी तो टेकताना बघितला. आणि मी थांबलो.

ठरवून थांबलो नाही. अंगाने ते केलं. इतकी वर्षं ज्याची भाकरी खाल्ली ते अंग दगा देऊन गेलं. एक घास गिळण्याएवढा वेळ, आणि त्या वेळात माझ्या पाठीमागून तो स्वरमेळ आला. पूर्ण, सगळा एकत्र, एकाच छातीतून निघाल्यासारखा. असं एकत्र पडलेलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझा गज हलला नव्हता, पण माझ्या बोटांखाली तारा थरथरत होत्या.

मी मागे वळलो.

साठ माणसं जागच्या जागी होती. गज तारांवर, ओठ वाद्यांना लावलेले, आणि एकजणही वाजवत नव्हता. सगळे माझ्या खांद्याकडे बघत होते. सिग्रुनच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, काय झालं, कधी यायचं? आणि शेवटी, ढोलवाल्याच्या पाठीमागे जिथे लाकडी भिंत असते, तिथे ओळी संपल्या नव्हत्या. गज खाली येऊन थांबत होते. त्यांच्यामागे आणखी. तोंडं मी बघितली नाहीत. एवढं शहाणपण मला सुचलं याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

मी वळलो तेव्हा माझा खांदा हलला होता. साठ माणसांनी तीच खूण धरली आणि ती वाजवू लागली. विस्कटून, पुढेमागे, हॉर्न एकीकडे आणि बास दुसरीकडे. मी परीक्षकांना सांगितलं होतं तंतोतंत तसं. त्या गोंधळातच मी पुन्हा समोर बघितलं, तर संचालकाचा उंचवटा रिकामा होता. फोल्कमार चेलोंच्या पायाशी पडला होता, उजवा हात खाली टेकलेला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काही तक्रार नव्हती. तेच मला सहन होत नाही.

७

डॉक्टर म्हणाले, झडप. म्हणाले, जमिनीवर पडायच्या आधीच गेला असणार, आमचा स्वरमेळ त्याच्या कानावर पडलाच नसेल.

हार्टविगने मला आठवड्याने बोलावलं. ध्वनिमुद्रणात शांतता होती. मग फोल्कमारचा अगदी हलका आवाज, 'हं', जसा आपण चहाचा पहिला घोट घेतल्यावर काढतो तसा. मग त्याचं पडणं. मग आमचा गोंधळ. 'हं' आणि पडणं यांच्यामध्ये काहीच नव्हतं, आणि मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येत नाही. म्हणजे माझ्या कानांचे भास होते. म्हातारा माणूस, ताण, अपराधी मन.

"एक विचारू?" हार्टविग म्हणाला. "तुमच्या खुर्चीवरचा माइक मी वेगळा काढला. या मधल्या जागेत तुमच्या तारा वाजतायत. नुसत्याच, कोणी छेडल्याशिवाय. शेजारी मोठा आवाज झाला की वाजतात तशा."

"मग?"

"मग काही नाही. मोठा आवाज कुठला, तेवढं मला सापडत नाही."

८

गेल्या वर्षीपासून मारेन योस्ट आमची संचालक आहे. चौतिशीची, हुशार, नम्र मुलगी. सगळ्यांना 'अहो' म्हणते. ती आल्यावर पहिले काही महिने सुरळीत गेले.

मग ईस्टरच्या सुमारास कधीतरी सिग्रुन मला कोपराने ढोसून म्हणाली, "घाई कसली, डीटमार? पेन्शन पळून जात नाहीये." मी सगळ्यांच्या आधी वाजवत होतो. मला त्याचं कारणही लगेच सापडलं. एकदा उशीर करून मित्र गमावला, आता मन दुसऱ्या टोकाला गेलंय, आपोआप सुधारेल. मी रोझविथाला पुन्हा डाव धरायला सांगितला. वीसपैकी वीस वेळा डाव खाली यायच्या आधीच माझा सूर निघाला. तिने डाव ओट्यावर ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

मी लवकर येत नाही. हे कोणाला सांगावं कळत नाही, म्हणून इथे लिहितो. मी बरोबर वेळेवर येतो. मागून आवाज येतो, सगळा एकत्र, आणि मी त्यात असतो. आयुष्यात पहिल्यांदा मी समेवर असतो. पण तेव्हा योस्टबाईंचा हात अजून वरच असतो.

काल सकाळच्या तालमीत त्यांनी हातातली संचालनाची छडी खाली ठेवली.

"हेर रोसबाख, रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्याबरोबर वाजवत नाही आहात. मागच्यांबरोबरही नाही. तुम्ही कोणाबरोबर वाजवताय?"

आमच्यात एखाद्या सोबत्याने छान वाजवलं की टाळ्या वाजवत नाहीत, बसल्या जागी जमिनीवर पाय घासतात. माझ्या मागे पाय घासल्याचा आवाज आला. खूप पायांचा, आणि तो मागे मागे जात राहिला. मी सिग्रुनच्या बुटांकडे बघितलं. ते हलत नव्हते. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. त्या आवाजाच्याही पलीकडे, अगदी शेवटी, कोणीतरी गुणगुणत होतं. आम्ही अजून जिथे पोचलो नव्हतो ते पान.

"माफ करा," मी म्हणालो. "पुन्हा घेऊ या."

त्यांनी हात वर नेला. मी गज तारेवर ठेवला आणि, या वेळी उशीर होऊ नये म्हणून, त्या हाताकडे बघितलंच नाही.